उतारवयातल्या जिभेची चाल

एक खोल श्वास घ्या आणि जमेल तितक्या वेगानं 'प-प-प-प' म्हणा. मग 'त-त-त-त', मग 'क-क-क-क'. आणि शेवटी तिन्ही एकापाठोपाठ, न अडखळता: 'पतक-पतक-पतक'. पक्षाघातातून उठलेलं कुणी, पार्किन्सनचं कुणी, किंवा नुसतीच 'हल्ली जीभ जड झाल्यासारखी वाटते' अशी तक्रार असलेलं कुणी समोर बसलं, की आम्ही स्पीच थेरपिस्ट हे हमखास म्हणवून घेतो. या चाचणीचं भारदस्त नाव ओरल डायडोकोकायनेसिस, आपसात आम्ही डीडीके म्हणतो. 'प' ओठांचा, 'त' जिभेच्या शेंड्याचा, 'क' जिभेच्या मागच्या भागाचा. वाचायचं काही नाही, आठवायचं काही नाही, शब्द शोधायचा नाही. उरते फक्त तोंडाची हालचाल, आणि तीच मोजायची असते.

२०१४ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी या चाचणीवरचे आधीचे अभ्यास एकत्र करून इंग्रजी बोलणाऱ्या तरुण आणि मध्यमवयीन माणसांची सरासरी काढली: सेकंदाला ६.२ अक्षरं. ५.४ च्या खाली गेलं तर लक्ष द्यायला हवं, असं त्यांनी सुचवलं. त्यांनी स्वतः तपासलेल्या हिब्रू भाषकांची सरासरी आली ६.४, म्हणजे इंग्रजीच्या जवळपास. पण त्याच कामात इंग्रजी, पोर्तुगीज, फारसी आणि ग्रीक शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा वेग सारखे आले नाहीत. प्रत्येक भाषेला तिचा स्वतःचा मापदंड हवा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मी तो निबंध वाचला तेव्हा त्यातल्या 'फारसी' या शब्दाशी थबकले, कारण माझी शिक्षणाच्या दिवसांतली सगळ्यांत जवळची मैत्रीण इराणमधल्या इस्फहानची. पुण्यात आम्ही एका वर्गात होतो. ती परत गेली आणि तिथे 'गोफ्तार-दरमानी' करू लागली. आमच्याच कामाचं हे फारसी नाव. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिच्या आईच्या बोलण्यानं मला या विषयात कायमचं ओढलं.

आधी एक तांत्रिक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. हाड, स्नायू आणि नसा सगळ्या माणसांच्या सारख्याच, मग भाषेनुसार वेग बदलेल कसा? फारसी 'प' ऐका. आपल्या कानाला तो 'प' आणि 'फ' यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. ओठ उघडल्यावर स्वर सुरू होण्याआधी हवेचा एक झोत निघून जातो. त्यांचे 'त' आणि 'क'ही तसेच. आपल्याकडे प-फ, त-थ, क-ख हे वेगवेगळे वर्ण आहेत, म्हणून आपण 'प' म्हणताना तो झोत आवरून धरतो. फारसीत ती गरज नाही. मग स्वर. 'अ' ऱ्हस्व, जबडा किंचित उघडून म्हणायचा, की दीर्घ 'आ', गोलसर आणि खोल? चाचणी घेणाऱ्यानं कुठला सांगितला त्यावर जबड्याचा प्रवास ठरतो. त्यातही 'क'ची गंमत वेगळी. तेहरानी फारसीत ऱ्हस्व 'अ'च्या आधी आलेला 'क' टाळूच्या पुढच्या बाजूला सरकतो, 'क्य'च्या जवळ जातो. म्हणजे जिभेचा वेगळाच भाग, वेगळ्या जागी टेकतो. कागदावर तीच तीन अक्षरं, तोंडात वेगळा रस्ता. इंग्रजी माणसावरून काढलेला आकडा इस्फहानच्या आजीला लावणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

मैत्रिणीची आई ऐंशीच्या पुढची. मीही तिला 'मामान'च म्हणायचे. तिची बोली अस्सल इस्फहानी: तेहरानचा माणूस 'खूबे' (चांगलं आहे) म्हणेल तिथे ती 'खूबेस' म्हणणार, आणि तो शेवटचा 'स' कवळीतून शिटीसारखा निघणार. दुपारच्या चहाला साखरेचा खडा दातांत धरून ती बोलत बसायची. माझी फारसी कामचलाऊ, त्यामुळे तिचा संथपणा मला सोयीचाच होता. पण कान धंद्यात तयार झालेले. दोन-चार दिवसांत लक्षात आलं की ती सगळीकडे सारखी संथ नाही. 'गोर्बूनत बेरम', 'दस्तत दर्द नकोने', 'खस्ते नबाशी' ही रोजची आर्जवं एका दमात, एकमेकांना चिकटून, तरुण मुलीच्या वेगानं बाहेर पडत. तिच्या लग्नाची गोष्ट सांगताना वेग मध्यम होई. आणि शेजारच्या घरात काल काय झालं हे नव्यानं जुळवून सांगताना ती थांबत थांबत जाई, नावाशी अडे, पुन्हा सुरू करी.

म्हातारपणी माणूस हळू बोलतो हे आपण एका वाक्यात म्हणून मोकळे होतो. पण त्या हळूपणात निदान तीन वेगळे धागे असतात, आणि ते सुटे केल्याशिवाय काही कळत नाही. एक, शब्द शोधण्याचा विराम. त्यात नावं सगळ्यांत आधी हुलकावणी देतात. दुसरा, श्वासाचा. बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो, फुप्फुसांची क्षमता घटते, एका श्वासात मावणारी अक्षरं कमी होतात, म्हणून वाक्य मध्येच तोडावं लागतं. तिसरा, खुद्द हालचालीचा: ओठ आणि जीभ एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचायला जो वेळ घेतात तो. ऐकणाऱ्याला हे तिन्ही मिळून एकच 'हळू' ऐकू येतं. आणि तो लगेच निष्कर्ष काढतो की डोकं हळू चालतंय.

तिसऱ्या धाग्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. जीभ म्हणजे आठ स्नायू-जोड्यांचा गुंता: चार तिच्या आतले, तिचा आकार बदलणारे, आणि चार बाहेरून हाडांना बांधलेले, तिला पुढे-मागे नेणारे. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना मेंदूतून निघणारी बारावी नस हुकूम देते. वय वाढतं तसे शरीरातले झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी झिजतात. जिभेत चरबी वाढते. नसांवरचं आवरण पातळ होतं, संदेश पोचायला किंचित उशीर लागतो. जिभेची कमाल ताकदही घटते, पण बोलण्यासाठी त्या ताकदीचा लहानसाच हिस्सा लागतो, त्यामुळे अशक्तपणा हे खरं कारण नव्हे. खरा फरक वेगात आणि मेळात पडतो. जिभेवर बारीक सेन्सर चिकटवून चुंबकीय क्षेत्रात तिचा प्रवास मोजता येतो. अशा मोजमापांत एक गोष्ट दिसली आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. वयस्क जीभ निघायला जितका उशीर करते, त्याहून जास्त वेळ थांबण्यात घालवते. वेग घेण्याचा टप्पा फारसा बदलत नाही, वेग आवरण्याचा टप्पा लांबतो. घाटाच्या शेवटच्या पायऱ्या उतरताना म्हातारी माणसं आधीपासूनच पाऊल सावरायला लागतात ना, तसं. नेमक्या जागी टेकायचं असतं, आणि चुकायचं नसतं.

म्हणजे हा संथपणा निव्वळ ऱ्हास नाही, त्यात अचूकतेसाठी मोजलेली किंमतही आहे. मामानचा एकही वर्ण कधी पुसट ऐकल्याचं मला आठवत नाही. तिचा तेहरानमधला नातू मात्र अर्धी अक्षरं गिळून बोलायचा. बोली तेहरानीत तशीही 'मीरवम'चं 'मीरम' होतं, 'मीखाहम'चं 'मीखाम'. तो त्यातलंही उरलंसुरलं खाऊन टाकायचा, आणि त्याला 'हळू बोल' असं कुणी म्हणत नव्हतं.

फारसी कवितेनं म्हातारपणीच्या तोंडाची दखल फार पूर्वी घेतली आहे. फारसीचा पहिला मोठा कवी मानला जातो तो रूदकी दहाव्या शतकातला, आजच्या ताजिकिस्तानातल्या गावचा. त्याच्या एका प्रसिद्ध कसीद्याची सुरुवातच दात झिजून गळून गेल्याच्या दुःखानं होते. ते दात नव्हते, लखलखते दिवे होते, असं तो म्हणतो. पुढे तो तारुण्याबद्दल, वैभवाबद्दल बोलतो, पण आरंभ दातांपासून. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे नेमकं कळतं. दात गेले की 'स', 'झ', 'फ', 'व' यांचा आधार जातो. जीभ टेकायला जागा शोधत राहते, आणि कवळी बसली तरी तोंडाचा नवा नकाशा शिकायला महिने लागतात. फिरदौसीही शाहनाम्यात, म्हणजे इराणच्या राजांवरच्या त्याच्या महाकाव्यात, स्वतःच्या वयाचे उल्लेख करत जातो, आणि साठी ओलांडल्यावर कान गेल्याची खंत बोलून दाखवतो. कानाचं बोलण्याशी नातं लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. आपलंच बोलणं आपल्याला नीट ऐकू आलं नाही तर आवाजाचा, उच्चाराचा अंदाज सुटतो. माझ्याकडे 'बोलणं बिघडलं' म्हणून आलेल्या कितीतरी वयस्कांना मी आधी कान तपासायला पाठवते.

शाहनामा आला की नक्काल आलाच. हातात काठी, मागे लढाईच्या चित्रांचा पडदा, आणि रुस्तुम-सोहराबची गोष्ट कधी गद्यात, कधी पद्यात, कधी आरोळी ठोकत सांगणारा माणूस. ही कला एकेकाळी इराणच्या चहाखान्यांत नांदत होती. २०११ साली युनेस्कोनं तिला तातडीनं जपायला हव्यात अशा परंपरांच्या यादीत घातलं. मोर्शिद वलीउल्लाह तोराबी हे तिचे अलीकडच्या काळातले थोर साधक, २०१३ साली गेले. त्यांच्या उतारवयातली चित्रणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. श्वास लहान झालेला कळतो, विराम जास्त कळतात. पण ओळ एकदा सुरू झाली की ती आपल्या चालीनं पूर्ण होते.

याचं एक कारण वृत्तात आहे असं मला वाटतं, आणि मराठी वाचकाला ते सहज जाणवेल. शाहनाम्याचं वृत्त मुतकारिब: लघु-गुरु-गुरु असं तीनदा, आणि शेवटी लघु-गुरु. आपलं भुजंगप्रयात म्हणजे लघु-गुरु-गुरु चारदा. म्हणजे मनाच्या श्लोकांच्या चरणातलं शेवटचं एक अक्षर काढलं की शाहनाम्याची चाल हाती येते. आता घरातल्या कुणा वयस्क माणसाला मनाचे श्लोक म्हणताना ऐका. बाजाराचा हिशेब सांगताना जे अडखळतात, ते श्लोकात अडखळत नाहीत. आयुष्यभर एकाच क्रमानं केलेली हालचाल तोंडात इतकी मुरते की प्रत्येक अक्षराची वेगळी आखणी करावी लागत नाही. मामानची आर्जवं वेगानं येत होती तीही याचमुळे.

हिब्रूत यावर एक सुंदर काम झालं आहे. साठीच्या पुढच्या निरोगी माणसांकडून अर्थहीन 'पतक'च्या जोडीला तशाच ठेवणीचा एक खरा शब्दही वेगानं म्हणवून घेतला. वयानुसार वेग उतरला, पण खरा शब्द 'पतक'पेक्षा वेगानं म्हटला गेला. हे वाचल्यावर मी आणि मैत्रीण फारसीत असा शब्द शोधत बसलो. ओठ, मग जिभेचा शेंडा, मग जिभेचा मागचा भाग, या क्रमानं जाणारा. तिला सापडला 'बादकोनक', म्हणजे फुगा. मध्ये 'द' आणि 'क' एकमेकांना खेटून येतात, त्यामुळे चाचणी म्हणून तो निर्दोष नाही. पण मामानला 'पतक' म्हणायला सांगितलं तेव्हा ती संकोचली होती, हे काय लहान मुलासारखं, म्हणाली. 'बादकोनक' म्हटल्यावर मात्र ती खुलली आणि सुटलीच. मग स्वतःहून 'गूरीये गोल-गेरमेझी' सुरू केलं. लाल फुलांच्या चहाच्या किटलीचा हा वाक्खेळ तिथल्या प्रत्येक मुलाला येतो. त्यानंतर 'चाई दागे, दाई चागे': चहा गरम आहे, मामा जाडा आहे. मी 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' म्हणून दाखवलं. तिनं ते म्हणून पाहिलं आणि 'ळ'पाशी हरली. फारसीत 'ळ' नाही, जीभ उलटी वळवायची सवयच नाही. ऐंशी वर्षांच्या जिभेला नवी जागा शिकवणं किती अवघड आणि जुन्या जागा किती शाबूत, हे त्या एका दुपारी शेजारी शेजारी दिसलं.

इस्फहानच्या खाजू पुलाखाली संध्याकाळी माणसं गायला जमतात, हे मी ऐकून होते. सतराव्या शतकातला पूल, खाली दगडी कमानी. नदी बरेचदा कोरडी असते, तरी माणसं येतात. पांढऱ्या केसांचे पुरुष कमानीत उभे राहून आवाज लावतात. त्यातली 'तहरीर', म्हणजे गळ्यातून निघणारी ती भराभर तुटत जाणारी तान, मला व्यावसायिक कुतूहलानं ऐकायची होती. वयाबरोबर स्वरयंत्राची कूर्चा हाडासारखी टणक होत जाते, स्वरपट्ट्या बारीक होतात, त्यांच्यात फट राहते, पुरुषांचा आवाज चढतो. हे सगळं तिथे ऐकू येत होतं. तरी तहरीर होती. तरुणांइतकी दाट नाही, पण सम होती, मोजता येईल इतकी. जिभेपेक्षा गळा वेगळ्या चालीनं म्हातारा होतो, आणि रियाज केलेला गळा आणखी वेगळ्या.

इराणमध्ये हा विषय आता छंदाचा राहिलेला नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एका बाईमागे सहाहून जास्त मुलं होत. दोन हजार सालाच्या सुमाराला तो आकडा दोनच्या आसपास उतरला. इतक्या झपाट्यानं जन्मदर क्वचितच कुठे घटला असेल. २०१६च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक सुमारे ९ टक्के होते. त्यांच्या पंचांगातल्या साठच्या दशकात, म्हणजे १९८१ ते १९९१मध्ये जन्मलेली ती मोठी पिढी, 'दहे-शस्ती', २०४१पासून साठीत शिरेल. गोफ्तार-दरमानीच्या दारात तेव्हा रांगा लागतील.

आणि या वयस्कांचं मोजमाप परदेशी कोष्टकानं होणार नाही, याला उच्चाराखेरीज आणखी कारणं आहेत. १९७६च्या जनगणनेत इराणमधले निम्म्याहून कमी लोक साक्षर होते. आज सत्तरीच्या पुढे असलेल्या कितीतरी बायका शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्यापुढे उतारा ठेवून 'वाचा' म्हणणं व्यर्थ आहे, म्हणून 'पतक'सारखी अक्षरओळखीवर न अडणारी चाचणी तिथे सोन्यासारखी. शिवाय 'फारसी बोलणारा' म्हणजे नेमका कोण? तबरीझच्या आजोबांची घरची भाषा अझेरी तुर्की, रश्तच्या आजींची गिलकी, सनंदजची कुर्दी. फारसी त्यांना शाळेनं, सैन्यानं किंवा रेडिओनं दिलेली. तेहरानी बोलीत 'काफ' आणि 'गैन' हे घशातले दोन वर्ण मिसळून एक झाले, काबूलकडच्या फारसीत, म्हणजे 'दरी' भाषेत, ते अजून वेगळे आहेत. माझ्या मैत्रिणीचा आग्रह असतो की नोंदवहीत वयाच्या रकान्याशेजारी घरच्या भाषेचा रकाना हवाच. मला तो अगदी रास्त वाटतो.

हे आकडे कशासाठी, असं घरचे लोक विचारतात. दोन चुका टाळण्यासाठी. निरोगी वयस्क 'पतक' हळू म्हणतो, पण त्याची लय बऱ्यापैकी सम असते. लय वेडीवाकडी होत असेल तर लहान मेंदूकडे पाहावं लागतं. आवाज खोल जात जात अक्षरं एकमेकांवर धावू लागली, तर पार्किन्सनचा विचार येतो. तिथे वेग कमी न होता वाढूही शकतो. जीभ महिन्यागणिक मंदावत असेल, तर मोटर न्यूरॉनचा आजार मनात येतो. हे सगळं 'वय झालं आता' म्हणून सोडून दिलं तर हातचे मोलाचे महिने जातात. माझ्या एका नातेवाइकाच्या बाबतीत एका दवाखान्यात हेच झालं, आणि त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. दुसरी चूक याच्या उलट: ठणठणीत बाईला तरुणांच्या कोष्टकात बसवून आजारी ठरवायचं. मग मुलं तिची वाक्यं पुरी करू लागतात, फोन तिच्या हातून घेतात, बँकेत तिच्याऐवजी बोलतात. बोलायची संधी गेली की सराव जातो, आणि सराव गेला की जी हालचाल शाबूत होती तीही उतरणीला लागते. मामानच्या घरात हे होत नव्हतं. ती बोलत असताना तिचा नातूसुद्धा चहाचा पेला हातात धरून गप्प राहायचा, शब्द सापडेपर्यंत.

गटाची सरासरी कितीही काळजीपूर्वक काढली तरी एकेका माणसाला ती ढोबळच पडते. कुणी जन्मापासून भरभर बोलणारा असतो, कुणी तरुणपणीही सावकाश. त्याच्याच आधीच्या नोंदीशी तुलना करता आली तर त्यापेक्षा चांगलं काही नाही. मैत्रीण आता दर नौरूझला, म्हणजे इराणी नववर्षाला, सगळे एकत्र जमलेले असतात तेव्हा, आईचा आवाज फोनवर भरून ठेवते: 'पतक', 'बादकोनक', किटलीचा वाक्खेळ आणि पाच मिनिटं गप्पा. मीही माझ्या वडिलांचा आवाज पाडव्याला तसाच भरून ठेवायचं ठरवलं आहे. त्यांची अट आहे: आधी चार मनाचे श्लोक म्हणू देणार असशील तरच तुझं ते प-त-क.